लेबर डेला अख्खं घर घेऊन ड्रॅगन कॉनला: जमतं, पण असं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की तुम्ही शार्लटला राहता, मुलगी ९ ची, मुलगा ४ चा, सासू-सासरे भारतातून आलेत, आणि नवऱ्याने यंदा लेबर डेला (सप्टेंबरचा पहिला सोमवार, अमेरिकेत सुट्टी) अटलांटाच्या ड्रॅगन कॉनची टूम काढलीये, ती पण पाचही दिवस आणि सगळ्यांना घेऊन. हे जमण्यासारखं आहे का वेडेपणा आहे?

जमतं. पण "पाचही दिवस सगळे मिळून" एवढा भाग वेडेपणाच आहे, तो आत्ताच काढून टाका.

मी कशाच्या जोरावर बोलतोय ते आधी सांगतो. २००८ ला पहिल्यांदा गेलो तेव्हा एका खोलीत आम्ही सहा जण, झोप तीन तास, जेवण म्हणजे पिझ्झाचा तुकडा, आणि तरी जाम भारी वाटलं होतं. मग बायकोला घेऊन गेलो, मग पोरीला पोटाशी बांधून, मग दोन पोरं, आणि २०२३ ला आई-बाबा पण. मधली काही वर्षं स्वयंसेवक म्हणून रांगा लावायचं कामही केलंय, म्हणजे "इथे उभं राहू नका, तिकडून वळसा घ्या" हे वाक्य हजारो वेळा बोलून झालंय. २०२० ला सगळं ऑनलाइन होतं ते एक सोडलं तर खंड नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच, की सायन्स फिक्शन, फँटसी, कॉमिक्स, गेमिंग असलं जे जे आवडतं त्या सगळ्या लोकांचं हे संमेलन आहे, आवडत्या पात्रांचे वेश करून मिरवणारं. १९८७ ला हजार-दीड हजार लोकांवर सुरू झालं, आता पाऊण लाखाच्या घरात माणूस येतो. आपल्याकडे साहित्य संमेलन, कॉलेजचं गॅदरिंग आणि अनंत चतुर्दशीचा लक्ष्मी रोड एकाच वेळी एकाच जागी भरवला तर जे होईल ते. आणि चालवणारे बहुतेक सगळे स्वयंसेवक, अगदी मंडळाच्या कार्यकर्त्यांसारखे, नोकरीतून सुट्टी काढून राबणारे.

आता घरच्यांना घेऊन जाणाऱ्याने एक गोष्ट डोक्यात पक्की बसवायची. हे एका मोठ्या हॉलमध्ये नसतं. डाउनटाउनमधली पाच मोठी हॉटेलं, हयात, मॅरियट, हिल्टन, वेस्टिन आणि जे आधी शेरेटन होतं ते, शिवाय दुकानांसाठी अमेरिकाजमार्टची इमारत. हयात, मॅरियट आणि हिल्टन ही तीन काचेच्या पुलांनी जोडलेली आहेत, बाकीच्यांसाठी रस्त्यावर उतरायचं, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला अटलांटात दुपारचं ऊन म्हणजे आपला मे समजा, वर दमट. एकट्या माणसाला दहा मिनिटांत इकडून तिकडे जाता येतं. चार वर्षांचा पोरगा आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई बरोबर असतील तर तेच अंतर ४० मिनिटांचं होतं आणि तोवर कार्यक्रमाचा हॉल भरलेला असतो. लोकांची चूक इथेच होते, ते कॉनच्या अ‍ॅपमध्ये दिवसाला आठ-आठ कार्यक्रम ठरवतात आणि एकही धड बघत नाहीत. घरच्यांबरोबर दिवसाला एक ठरवलेली गोष्ट, फार तर दोन. बाकी जे समोर येईल ते. आणि खरं सांगू का, जे समोर येतं तेच लक्षात राहतं.

मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं.

शुक्रवारी संध्याकाळी शार्लटहून निघा, आय-८५ हायवेने चार तास लागतात, थांबत गेलात तर पाच. कॉनच्या हॉटेलांत खोली मिळेल ही आशा सोडा, त्या जवळपास वर्षभर आधी संपलेल्या असतात. मिळाली तरी पोरांबरोबर शनिवारी रात्री तिथे झोपणं कठीण, कारण खाली पहाटे तीनपर्यंत दंगा चालू असतो. मिडटाउन किंवा बकहेडला मार्टाच्या स्टेशनपासून चालत जाता येईल असं हॉटेल बघा, स्विमिंग पूल असलेलं. पूल ही चैन नाही, शनिवार दुपारची ती तुमची सुटका आहे. मार्टा म्हणजे इथली मेट्रो, पीचट्री सेंटर स्टेशनला उतरायचं. ते स्टेशन खडकात खूप खोल खणलंय आणि वर यायला जो सरकता जिना आहे तो इतका लांब आहे की माझ्या पोराला पहिल्या वर्षी कॉनपेक्षा तोच जास्त आवडला होता, दोनदा परत खाली जाऊन आलो. गाडीने डाउनटाउनला येऊ नका, रस्ते बंद असतात, पार्किंगवाले वाट्टेल ते मागतात, शिवाय त्याच वीकेंडला बऱ्याचदा स्टेडियमवर कॉलेज फुटबॉलची मॅच असते, म्हणजे एका डब्यात निम्मे लोक जर्सीत आणि निम्मे शिंगं लावलेले.

शनिवारी सकाळी १० ला वेशातल्या लोकांची परेड. ही पीचट्री स्ट्रीटवर सगळ्यांसाठी खुली असते, बॅज (म्हणजे कॉनचा प्रवेश-पास) लागत नाही, पैसे लागत नाहीत, अटलांटातली कितीतरी घरं फक्त एवढ्यासाठी येतात. तुमच्या सासू-सासऱ्यांनी यातलं काहीच बघितलेलं नसेल तरी परेड कळते, कारण मिरवणूक कळायला काही माहीत असावं लागत नाही. साडेआठपर्यंत पोचा. रस्त्याच्या पूर्वेकडच्या फुटपाथवर उभे राहा, सकाळी इमारतींची सावली तिकडे पडते, समोरचे लोक उन्हात भाजत असतात. घडीच्या दोन खुर्च्या घ्या, पोरांना पुढे कडेला बसवा, पाण्याच्या बाटल्या आदल्या रात्री फ्रीजरमध्ये टाका.

परेड संपली की हजारो लोक एकदम हॉटेलांत घुसतात आणि शनिवार दुपार ते रात्र ही अख्ख्या वीकेंडची सगळ्यात वाईट गर्दी असते. लिफ्टला वीस-वीस मिनिटं. मॅरियटमध्ये मधोमध ४७ मजल्यांची पोकळी आहे, खालून वर बघितलं की एखाद्या अजस्र प्राण्याच्या बरगड्यांमध्ये उभं राहिल्यासारखं वाटतं, बघायलाच हवी अशी जागा आहे, पण शनिवारी रात्री पोरांना घेऊन नाही. तुमच्या नवऱ्याला शनिवार पूर्ण मोकळा द्या. त्याला जाऊ दे, नाचू दे, रांगेत उभं राहू दे. तुम्ही दुपारी स्विमिंग पूल, किंवा सासू-सासऱ्यांना घेऊन अ‍ॅक्वेरियम, ते तिथून चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे आणि आत गार आहे. त्याचं तिकीट मात्र आधी वेळ ठरवून काढा.

रविवारी सकाळी नवऱ्याने पोरं सांभाळायची, तुम्ही जायचं असेल तर जा. "मला त्यातलं काही कळत नाही" म्हणू नका. तीसेक तरी ट्रॅक असतात, म्हणजे विषयवार विभाग, त्यात अवकाश आहे, विज्ञान आहे, कठपुतळ्या आहेत, कपडे शिवणाऱ्यांचा वेगळा आहे, लेखकांचा आहे. माझ्या बायकोला अंतराळयान आणि झाडू यात फरक दिसत नाही, पण ती दरवर्षी कॉस्च्युमिंगच्या ट्रॅकला जाऊन बसते आणि फोम कसा कापायचा, वर रंग कसा टिकवायचा हे शिकून येते, आमच्या गणपतीची मखर त्यानंतर एकदम बदलली.

आणि सोमवारी सगळे मिळून. हे मी ठासून सांगतो कारण लोकांना उलटं वाटतं. सोमवार म्हणजे उरलंसुरलं असं समजून लोक टाळतात, पण घरच्यांसाठी तोच दिवस खरा. गर्दी ओसरलेली असते, वेशातली माणसं दमलेली पण निवांत असतात, पोरांशी बोलायला थांबतात. दुकानवाल्यांना माल परत न्यायचा नसतो त्यामुळे भाव करता येतो, हो, इथेही. एका दिवसाचा बॅज वेगळा मिळतो, तो पूर्ण वीकेंडच्या बॅजपेक्षा बराच स्वस्त पडतो. पूर्ण बॅज फक्त नवऱ्याचा काढा आणि लवकर काढा, तारीख जवळ येते तशी किंमत पायरीपायरीने चढते. मुलांच्या वयाचे नियम साइटवर नीट वाचून घ्या. दोन-अडीचला निघा म्हणजे लेबर डेची परतीची गर्दी गळ्याशी यायच्या आत वाटेतलं ग्रीनव्हिल मागे पडेल.

बाकी रांगांबद्दल. मोठ्या कार्यक्रमांना रांग एक तास आधीच लावू देतात, त्याआधी जाऊन उभं राहून उपयोग नाही, आमच्यासारखे हाकलतात. ज्या टीव्हीवरच्या लोकांना बघायला चार वर्षांचं पोर तासभर उन्हात उभं करायचं, ते पोर त्यांना ओळखत पण नाही, मग कशासाठी? सह्या घ्यायच्या असतील तर वॉक ऑफ फेमला जा, तिथे ते टेबलामागे बसलेले असतात, लांबून बघायला पैसे नाहीत पण सहीला आणि फोटोला लागतात आणि ते बरेच लागतात. मुलीला एकच निवडायला सांगा आणि घरूनच ठरवून या. तिथे गेल्यावर ठरवलं तर रडारड.

आता वेश. पोरांना काहीतरी घालायचंच असणार आणि घालू द्याच, पण घरी दोन तास घालून बघा. नियम तीन, त्यात बसता आलं पाहिजे, सू करता आली पाहिजे आणि पायात रोजचेच बूट. मुखवटा अर्ध्या तासात तुमच्या हातात येणार आहे हे धरून चाला. तलवारी-बंदुका फोमच्याच, खऱ्याचा तर प्रश्नच नाही. आणि मुलीला आधीच शिकवून ठेवा की कोणाचा फोटो काढायचा तर विचारून, हात लावायचा नाही, आणि तिचाही कोणी विचारला तर "नाही" म्हणायचा तिला हक्क आहे. तिथे हे सगळे पाळतात, मोठी माणसं सुद्धा.

यावरून आईची गोष्ट सांगतो. २०२३ चा सप्टेंबर, श्रावण चालू, त्याच आठवड्यात मंगळागौर झाली होती त्यामुळे आईची शिवलेली नऊवारी आणि नथ बॅगेतच होती. नात हटून बसली की आजी, सगळे काहीतरी घालतात, तू पण घाल. आई म्हणाली बरं. मॅरियटमध्ये शिरलो आणि दहा मिनिटांत एक सहा फुटी चिलखतवाला गडी समोर येऊन वाकून विचारतोय, फोटो काढू का, आणि हे कुठलं कॅरेक्टर? मी भाषांतर केलं. आई म्हणाली, "सांग त्याला, मी कोणाचं सोंग घेतलेलं नाही, बाकी सगळ्यांनी घेतलंय." मी तसंच्या तसं सांगितलं, तो इतका हसला की हेल्मेट काढावं लागलं. त्यानंतर संध्याकाळपर्यंत आईचे चाळीसेक फोटो काढले असतील लोकांनी, आणि शेवटी शेवटी ती स्वतःच हात कमरेवर ठेवून उभी राहायला लागली होती. हे आमचं गॅदरिंगच आहे रे, फक्त सरांनी थांबवलेलं नाही, असं तिचं मत पडलं.

बाबांचं वेगळंच. त्यांना वेशबिश नको होतं, स्पेस ट्रॅकला नेऊन बसवलं. चांद्रयान-३ उतरून दहाच दिवस झाले होते. रांगेत शेजारच्या माणसाने कुठून आलात विचारलं आणि इंडिया म्हणताच त्याने बाबांचा हात असा दाबून हलवला जणू काही विक्रम बाबांनीच उतरवलाय. बाबांनी पण नाही म्हटलं नाही. मग पाऊण तास त्याला नारळीकरांबद्दल ऐकवलं, की आमच्याकडे एक खगोलशास्त्रज्ञ स्वतः मायबोलीत विज्ञानकथा लिहितो, कोल्हापुरात जन्मलेला, केंब्रिजला शिकलेला. तो माणूस वहीत नाव लिहून घेत होता. तेव्हा तुमच्या सासऱ्यांना "त्यांना काय कळणार" म्हणून हॉटेलवर ठेवू नका. फक्त स्वेटर द्या, हॉलमध्ये एसी भयंकर असतो.

आता घाबरवायची गोष्ट, पण सांगायला हवी. एका वर्षी माझा पोरगा हरवला, बारा मिनिटं. वय पाच. रात्रीचे नऊ, एका हॉटेलची लॉबी, मी फोटो काढायला हात सोडला आणि चूक पूर्ण माझी. त्या बारा मिनिटांत मला हजार माणसांचे मुखवटे दिसत होते आणि एकही चेहरा दिसत नव्हता. तो सापडला कारण त्याला आम्ही शिकवून ठेवलं होतं की हरवलास तर चालायचं नाही, भिंतीला पाठ लावून खाली बसायचं आणि स्टाफच्या शर्टातल्या माणसाला हाक मारायची. तसा बसला होता, शेजारी एक स्वयंसेवक मुलगी आणि एक हिरव्या रंगाची परी राखण करत होत्या. तेव्हापासून आमचे नियम असे, की सकाळी निघताना दोन्ही पोरांचा डोक्यापासून पायापर्यंत फोटो, म्हणजे आज काय घातलंय ते सांगता येतं. मनगटावर माझा नंबर पक्क्या मार्करने, वरून पारदर्शक बँडेज नाहीतर घामाने जातो. पोहोचल्या पोहोचल्या स्टाफचा शर्ट बोट दाखवून ओळखवायचा. आणि संध्याकाळी सात-साडेसातला पोरं बाहेर, काहीही झालं तरी. गर्दी हे एक कारण, दुसरं म्हणजे रात्री लोक प्यायलेले असतात आणि कपडे कमी होत जातात, त्यात वाईट कोणी नसतं पण ९ वर्षांच्या मुलीच्या प्रश्नांना लॉबीत उभं राहून उत्तरं द्यायची तुमची तयारी नसेल. वेशभूषेची स्पर्धा बघायची असेल तर ती कॉनच्या हॉटेलांतल्या खोल्यांच्या टीव्हीवर दाखवतात, कोणी ओळखीचा तिथे राहत असेल तर त्याच्या खोलीत जाऊन पसरा.

बाबागाडी नका आणू. पुलांवर आणि लिफ्टमध्ये तिचा त्रासच जास्त, आणि चार वर्षांचा मुलगा नवऱ्याच्या खांद्यावर जास्त खूश राहील. सासूबाईंचे गुडघे मात्र मनावर घ्या. डिसॅबिलिटी सर्व्हिसेसचं टेबल असतं, तिथे पहिल्यांदा जा, म्हाताऱ्या माणसांना रांगेत बसायची सोय करून देतात. लोक लाजून जात नाहीत, मग तिसऱ्या तासाला रडकुंडीला येतात.

खाण्याचं म्हणाल तर पीचट्री सेंटरच्या फूड कोर्टवर भिस्त ठेवली तर दीडला जेवायला अडीच वाजतील, अकराला जा नाहीतर तीनला. आम्ही थेपले, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, केळी घेऊन जातो आणि कॉनवाले मित्र आमच्या बॅगेवर टपून असतात. खोलीवर किटली असेल तर पाकिटातले पोहे होतात. फोडणी मात्र करू नका, आमच्या एका मित्राने इंडक्शन नेऊन हिंग-मोहरी टाकली होती आणि अलार्म वाजून अख्खा मजला खाली रस्त्यावर. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी प्रत्येकाच्या बाटलीत, वेशात घाम किती जातो ते कळत नाही.

आणि घरी आल्यावर निम्मं घर आजारी पडतं, त्याला तिथे कॉन क्रड म्हणतात, सर्दी-खोकला-ताप. पाऊण लाख माणसं एका हवेत, दुसरं काय होणार. सासू-सासऱ्यांना आत शिरताना मास्क लावा आणि मंगळवारी ऑफिसची सुट्टी टाका. यंदा चतुर्थी १४ तारखेला आहे आणि कॉन ७ ला संपतोय, म्हणजे तब्येती सावरायला आठवडा आहे, नशीबवान आहात. २०१९ ला नेमकी लेबर डेच्या सोमवारी चतुर्थी होती, आम्ही रविवारी रात्री घरी येऊन, तोंडावरचा निळा रंग खरवडून, सकाळी सातला प्रतिष्ठापना केली होती, गुरुजी व्हिडिओवर माझ्या कानामागे राहिलेला रंग बघून काही बोलले नाहीत. गेल्या वर्षी बुधवारी बसवला आणि गुरुवारी विसर्जन करून तडक निघालो, पिढीजात पाच दिवसांचा होता, बाबांना फोन करून दीड दिवसाचा करून घेतला. त्यावरून काका अजून बोलत नाहीत, असो.

नवऱ्याशी भांडण होईल ते पाच दिवसांवरून. त्याला सांगा, शुक्रवार रात्र आणि शनिवार पूर्ण तुझा, रविवारी दुपारनंतर परत तुझा, सोमवारी आपण सगळे. यापेक्षा जास्त मलाही कधी मिळालेलं नाही.

आणि सासूबाईंकडे नऊवारी असेल तर नक्की आणायला सांगा. फक्त पीचट्री सेंटरच्या त्या सरकत्या जिन्यावर पदर खोचून घ्यायला सांगा, आईचा दोनदा अडकता अडकता राहिलाय.